पोपट पाळायचा नाही आणि मकाव चालतो, असं कसं?

नमस्कार मंडळी. मला सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच आहे, की सर, आमच्या घरी पोपट होता, आजोबांच्या काळापासून होता, मग आता तो गुन्हा कसा काय झाला? तर हा गुन्हा आत्ता नव्याने झालेला नाही. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा आहे, आणि आपल्या देशी पक्ष्यांच्या व्यापारावर बंदी येऊनसुद्धा तीस वर्षं उलटून गेलीत. आपला हिरवा, लाल चोचीचा पोपट, मुनिया, हे सगळे त्या कायद्याखाली येतात, ते पकडता येत नाहीत, विकता येत नाहीत आणि पिंजऱ्यात ठेवताही येत नाहीत. "आम्ही त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलंय" हे मला पटतं हो, खरंच पटतं, पण ते पिल्लू झाडाच्या ढोलीतून कोणीतरी काढलं तेव्हाच गुन्हा झालेला असतो. जनावर मारलं तरच शिकार असं कायदा मानत नाही, पकडणं, सापळा लावणं, घरट्याला हात लावणं हेही शिकारीतच धरलंय. आणि ढोलीतून काढलेली सगळी पिल्लं काही बाजारापर्यंत जिवंत पोचत नाहीत. आपण विकत घेतो ते वाचलेलं पिल्लू, बाकीची आपल्याला दिसतच नाहीत.

स्टार कासवाचं तर अजून गंभीर आहे. वास्तुशास्त्र, पैसा टिकतो, असलं काहीतरी ऐकून लोक घरात आणतात. 2022 ला कायदा बदलला आणि स्टार कासव थेट पहिल्या शेड्यूलमध्ये, म्हणजे कायद्यातल्या सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत गेलं, वाघाच्या रांगेत. गुन्हा सिद्ध झाला तर कमीत कमी तीन वर्षं जेल, सात वर्षांपर्यंत जाऊ शकते, आणि दंड पंचवीस हजारांच्या खाली नाही. मांडूळ सापही आता त्याच शेड्यूलमध्ये आहे, आणि त्याच्यापायी आपल्याकडे काय काय चालतं हे मी वेगळं सांगायला नको.

आता परदेशी प्राणी. मकाव, आफ्रिकन ग्रे हे परदेशी पोपट, इग्वाना हा सरडा, बॉल पायथन हा अजगर. यांच्यावर सरसकट बंदी नाही, पण ज्या जातींच्या व्यापारावर साइटिस या आंतरराष्ट्रीय कराराचं नियंत्रण आहे त्या आता आपल्या कायद्याच्या चौथ्या शेड्यूलमध्ये आल्यात. फेब्रुवारी 2024 मध्ये त्याचे नियम निघाले. ज्यांच्याकडे आधीपासून प्राणी होते त्यांना नोंदणीसाठी सहा महिने दिले होते, ती मुदत कधीच संपली, आणि आता नवीन प्राणी घरी आला की तीस दिवसांत केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर अर्ज करायचा. प्राणी दुसऱ्याला दिला, त्याला पिल्लं झाली, तो मेला, तरी कळवायचं. बजी, कॉकटेल या छोट्या परदेशी पोपटांना हे लागू नाही, त्यामुळे ज्यांच्या घरी ते आहेत त्यांनी घाबरू नका.

पण माझं म्हणणं असं, की नोंदणी केली म्हणजे झालं असं समजू नका. दुकानदाराला आधी विचारा, हा आला कुठून, कागद दाखव. मुंबई विमानतळावर बँकॉकहून येणाऱ्या बॅगांमध्ये साप, सरडे, माकडाची पिल्लं कोंबलेली सापडतात, कित्येक गुदमरून मेलेली असतात, आणि ती इथे येतात कारण इथे कोणीतरी पैसे मोजायला बसलाय. कागद नसेल तर घेऊ नका, स्वस्तात मिळतोय म्हणून तर अजिबातच नको. आणि कंटाळा आला म्हणून तळ्यात सोडू नका, लाल कानाची ती परदेशी कासवं लोकांनी अशीच सोडली आणि आता ती आपल्या देशी कासवांच्या मुळावर उठलीत.

राहिला प्रश्न ज्यांच्या घरात आज पोपट आहे त्यांचा. गॅलरीतून उडवून देऊ नका प्लीज, वर्षानुवर्षं पिंजऱ्यात राहिलेल्याला ना नीट उडता येत ना खायला शोधता येत, कावळे-मांजरं तासाभरात संपवतील. 1926 हा वनविभागाचा टोल फ्री नंबर आहे, फोन करा, ते सांगतील कुठे द्यायचा ते. आणि पावसात घरट्यातून पडलेलं पिल्लू सापडलं तर उचललं म्हणून तुम्ही गुन्हेगार होत नाही, फक्त 48 तासांच्या आत वनविभागाला नाहीतर जवळच्या पोलीस स्टेशनला कळवायचं, त्याचं नाव ठेवून घरी वाढवायला घ्यायचं नाही.