महाद्वार रोडवरचा कागद

हा कागद बघा. वहीच्या पानाएवढा, पांढराफेक, काचतंतूंचा. हवेतली धूळ मोजणाऱ्या यंत्रात बसवण्याआधी त्याचं वजन करून ठेवलंय, तेही मिलिग्रॅममध्ये.

आणि हा तोच कागद, आठ तासांनंतरचा. खाकी म्हणावा की राखाडी, तुम्हीच ठरवा. कडेनं चौकट दाबून बसली होती, तेवढीच पट्टी पांढरी राहिली आहे.

यंत्राचं काम सोपं आहे. मिनिटाला सुमारे 1.1 घनमीटर हवा ओढायची. जाड धूळ खालच्या कपात पडते, दहा मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आतली कागदावर चिकटते. आठ तासांत पाचशेवर घनमीटर हवा यातून जाते. 2009 च्या राष्ट्रीय मानकांप्रमाणे या धुळीची 24 तासांची मर्यादा घनमीटरला 100 मायक्रोग्रॅम. हिशेब मांडला, तर आठ तासांत कागदाचं वजन 53 मिलिग्रॅमनं वाढलं की मर्यादेची पातळी गाठली. म्हणजे तांदळाचे दोन-तीन दाणे. आजऱ्याच्या घनसाळचे घेतले तर एखादा दाणा इकडंतिकडं.

कोल्हापुरात अशी मोजणी महाद्वार रोड, रुईकर ट्रस्ट आणि शिवाजी विद्यापीठाच्या आवारात होते. आठवड्यातून दोन दिवस, वर्षाला 104 दिवस. जानेवारी 2019 मध्ये राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला, तेव्हा हवा मानकात न बसणाऱ्या शहरांच्या यादीत कोल्हापूरचंही नाव होतं. रंकाळ्यावर संध्याकाळी भेळ खाताना हे कुणाला पटत नाही. दिल्लीचा धूर टीव्हीवर दिसतो. आपल्याकडं पंचगंगा आहे, वारा आहे, आपल्याला काय होतंय!

मग माणूस मोबाईल काढतो. त्यावर हवेच्या गुणवत्तेचा एक आकडा आणि एक रंग. हा आकडा म्हणजे सगळ्या प्रदूषकांची सरासरी, असा पुष्कळांचा समज आहे. तसं नसतं. प्रत्येक प्रदूषकाचा वेगळा आकडा, म्हणजे निर्देशांक काढतात; ज्याचा सगळ्यांत वर, तोच हवेचा निर्देशांक. आणि आकड्याखाली मोजणी केंद्राचं नाव आहे का, हे आधी बघायचं. नाव नसेल, तर तो आकडा बहुधा अंदाजावर काढलेला. हौसेनं घेतलेलं छोटं यंत्रही पावसाळी धुक्यात फसतं, पाण्याच्या थेंबांनाच धूळ समजून मोजत बसतं.

आणि केंद्र असलं, तरी ते तुमच्या बोळात नसतं.

हा शुक्रवार पेठेतला एक बोळ. संध्याकाळचे सात वाजत आलेत. पालापाचोळा, त्यात दुधाच्या पिशव्या, चपलेचा एक तुटका तळ. काडी कुणी लावली, कुणीच बघितलेलं नाही. वरच्या गॅलरीतल्या काकू दोरीवरची कापडं गोळा करतायत.

"रोज ह्याच वेळेला बघा. दारं लावली तर उकडतंय, उघडली तर चुलीपुढं बसल्यागत खोकला."

चोवीस तासांच्या सरासरीत हा अर्धा तास कुठं विरून जातो, कळतसुद्धा नाही. तो पकडायचा तर तक्रारच करायला हवी. काकूंनी आधी एकदा केली होती: "आमच्याकडं लई धूर होतोय." यावर कोण कुठं जाणार? या वेळी आम्ही बसून नीट लिहिली. तारीख. सात वाजून दहा मिनिटं. कोणत्या खांबाजवळ. धूर काळा, वास जळक्या प्लॅस्टिकचा, वारा नदीकडून. ठिकाण दिसेल असे दोन फोटो, एक जळताना, एक विझल्यावरच्या राखेचा. कचरा जाळला, म्हणून तक्रार महापालिकेकडं. कारखान्याचं धुराडं असतं, तर उद्योग भवनातल्या प्रदूषण नियंत्रण मंडळाकडं. उघड्यावर कचरा जाळणाऱ्याला 5,000 रुपये, मोठ्या प्रमाणावर जाळला तर 25,000 रुपये दंड, असा राष्ट्रीय हरित लवादाचा 2016 चा आदेश आहे, हेही शेवटी घातलं.

"एवढं सगळं?" काकू म्हणाल्या. "आमच्या लग्नाच्या पत्रिकेत पण एवढं नव्हतं."

तक्रारीचा क्रमांक आला. काकूंनी तो कालनिर्णयवर टिपून ठेवलाय, नवा सिलिंडर लावल्याच्या तारखेखाली. त्याच्या पुढं रोज एक खूण करतात: आज पेटलं, आज नाही.