बुजवलेल्या खिडक्या

मंडळी, इंग्लंडमध्ये १६९६ साली घराच्या खिडक्यांवर कर बसला. हिशेब सोपा होता. ज्याचं घर मोठं, त्याच्या खिडक्या जास्त, म्हणजे ऐपतही जास्त. मोजणी बहुतेक बाहेरूनच करता यायची, घरभर हिंडायची गरज नाही. सुरुवातीच्या नियमात दहावी खिडकी मोजली गेली की कर वाढे. मग लोकांनी ती विटा लावून बुजवून टाकली. हा कर १८५१ पर्यंत, म्हणजे दीडशेहून जास्त वर्षं टिकला.

त्या बुजवलेल्या खिडकीपाशी जरा थांबू या. सरकारच्या तिजोरीत तिच्यापायी छदामही आला नाही आणि घरातला उजेड मात्र गेला. हे नुकसान कुठल्याच वहीत लिहिलं जात नाही. वसूल झालेला कर आकड्यात दिसतो, न झालेला व्यवहार दिसत नाही.

समजा, भिंत रंगवायला रंगारी ९०० मागतो आणि तुम्ही १,००० पर्यंत द्यायला तयार आहात. या व्यवहारात दोघांचा मिळून १०० चा फायदा आहे. त्यावर १५० कर लावला, की काम होतच नाही. रंगारी रिकामा, भिंत तशीच, आणि करही शून्य. अर्थशास्त्राचा ढोबळ ठोकताळा असा, की कराचा दर दुप्पट केला तर हे न दिसणारं नुकसान जवळपास चौपट होतं. म्हणून कमी दराचा, सगळ्यांना सारखा लागू होणारा कर मला बरा वाटतो. चढा दर ठेवायचा आणि मग ओळखीपाळखीने सवलती वाटायच्या, हे मला अजिबात पटत नाही.

पण कर कमी केला की महसूल आपोआप वाढतो, असं मात्र मी म्हणणार नाही. दर फार चढे असतील तिथे तसं घडू शकतं, एरवी बहुतेक वेळा महसूल घटतोच. कमी कर हवा म्हणणारी आमच्या बाजूची मंडळी हे कबूल करायला कचरतात, आणि तिथेच आमचा मुद्दा लंगडा पडतो.

खरा भार खर्चाचा असतो. सरकारने १०० खर्च केले आणि कर ८० च घेतला, तरी उरलेले २० कुठून तरी येतातच: कर्जातून, म्हणजे उद्याच्या करातून, नाहीतर नोटा छापून, म्हणजे महागाईतून. न्यायालयं, पोलीस, रस्ते यांवरच्या खर्चाबद्दल माझी तक्रार नाही. तक्रार आहे ती एकदा सुरू झाली की कधीच बंद न होणाऱ्या योजनांबद्दल. लाभ घेणारे मोजके असतात, ते संघटित होतात. पैसे भरणारे लाखो असतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला इतकं थोडं येतं, की भांडायला कोणी उठत नाही.

आणि या सगळ्या भारापायी अर्थव्यवस्थेच्या वाढीचा दर एका टक्क्याने घसरला तर काय बिघडलं, असं विचारणाऱ्यांनी कागद-पेन्सिल घ्यावी. वर्षाला ३ टक्के वाढ असेल तर उत्पन्न साधारण २४ वर्षांत दुप्पट होतं, २ टक्के असेल तर ३५ वर्षं लागतात. ७० वर्षांनी एक देश जवळपास आठपट झालेला असतो, दुसरा चौपट.