ओलाव्यात वाळलेली लेखणी

(दृश्य : खिडकीशी लाकडी टेबल. सकाळचं तिरपं ऊन. टेबलावर एक बंद पेन. त्याला क्लिप नाही, कडं नाही, वर नावही नाही.)

लांबून हे जपानी शाईपेन काळं दिसतं. उन्हात धरलं की कळतं, हा रंग पिकल्या करवंदाचा आहे. लहानपणी आपण करवंद दातांनी फोडून बघायचो, आत लाल निघालं की ‘कोंबडा’! या पेनाचंही तसंच आहे. वरून काळपट आणि टोपणाच्या कडेला आतला लाल रंग डोकावणारा.

या कामाला जपानीत ‘तामेनुरी’ म्हणतात. खाली लाल रंगाचे थर आणि त्यावर मधाच्या रंगाचे पारदर्शक थर. कडेपाशी वरचा थर पातळ बसतो, म्हणून तिथे लाल दिसतो. वर्षं जातात तसा वरचा थर निवळत जातो आणि खालचा रंग वर येऊ लागतो. आठ वर्षांपूर्वी हे पेन घरी आलं, तेव्हा ही लाल रेघ केसाएवढी होती. आज ती समोर बसलेल्या माणसालाही दिसते.

पेनावरचा हा लेप कारखान्यातला रंग नाही, एका झाडाचा चीक आहे.

(दृश्य : इवाते प्रांतातलं जोबोजी. पानगळीच्या झाडांची राई. खोडांवर एकाखाली एक आडव्या काळ्या खाचा.)

झाडाचं नाव उरुशी, आणि त्याच्या चिकाचंही तेच. जपानमध्ये आज निघणाऱ्या उरुशीतली बहुतेक इथे, जोबोजीच्या आसपास निघते. झाड दहा-पंधरा वर्षांचं झालं की जूनपासून शरदापर्यंत दर चार-पाच दिवसांनी खोडाला एक नवी खाच पाडतात. खाचेतून थेंब येतो, तो लोखंडी पळीने खरवडून घेतात. अख्ख्या हंगामात एका झाडातून साधारण 200 मिलिलिटर चीक मिळतो, म्हणजे चहाचे दोन कप. नंतर ते झाड तोडतात आणि मुळांतून नवे कोंब येऊ देतात.

हे झाड आपल्याला अगदीच परकं नाही. आंबा, काजू आणि बिब्बा यांच्याच कुळातलं आहे ते. कैरीच्या देठाचा चीक ओठाला लागला की काय होतं, हे आपल्याला कुणी सांगायला नको. ओल्या काजूबिया सोलणाऱ्या बायकांच्या हातांची सालं निघतात. आणि बिब्बा उतला की अंगावर फोड येतात. उरुशीही अशीच उतते. तिच्यातलं द्रव्य याच जातीचं आहे, त्यामुळे हे काम शिकणाऱ्यांचे हात सुरुवातीला सुजतात, खाजतात. हळूहळू बहुतेकांना ती सोसू लागते. बिब्ब्याची काळी खूण धुऊन जात नाही म्हणून धोबी कपड्यांवर ती करायचे. उरुशीचा टिकाऊपणा समजायला मला तीच आठवण सगळ्यात जवळची वाटते. होक्काइदोत हाकोदातेजवळ उरुशी लावलेल्या ज्या वस्तू सापडल्या, त्या सुमारे 9,000 वर्षांपूर्वीच्या मानल्या जातात.

आपल्याकडच्या लाखेशी मात्र हिची गल्लत करू नये. लाख किड्यापासून मिळते आणि उष्णतेने वितळते. उरुशी एकदा घट्ट झाली की वितळत नाही.

(दृश्य : लेथवर फिरणारा काळा दांडा. पट्ट्यापट्ट्यांनी सुटणारा कीस.)

आतलं अंग एबोनाइटचं. रबरात भरपूर गंधक घालून ते तासन्‌तास तापवलं की लाकडासारखं कठीण होतं, तेच एबोनाइट. राजमुंद्रीला हातांनी पेनं घडवणाऱ्यांनीही हेच वापरलं. शाईने ते खराब होत नाही आणि हाताला उबदार लागतं. दोष एकच. उजेडात आणि घामाने त्याचा काळा रंग उडतो, दोन-चार वर्षांत ते मातकट दिसू लागतं.

या दोषानेच पुढचं सगळं घडवलं. र्‍योसुके नामिकी तोक्योत व्यापारी जहाजांवरचे अधिकारी घडवणाऱ्या शाळेत शिकवत. 1918 मध्ये मासाओ वादा यांच्यासह त्यांनी पेनांची कंपनी काढली. बंदरात जहाजाला वाट दाखवणारा तो पायलट, म्हणून पेनाचं नावही पायलट. एबोनाइटचा रंग टिकवायचा कसा, याचं उत्तर नामिकींना आपल्याच देशातल्या जुन्या कामात सापडलं. 1925 च्या सुमारास त्यांनी एबोनाइटवर उरुशी चढवण्याची रीत बसवली. आधी हेतू फक्त संरक्षणाचा होता. पण उरुशी आली म्हटल्यावर तिच्यावर चित्रं काढणारे किती दिवस लांब राहणार?

(दृश्य : तळहातावर एक जाड पेन. काळ्याभोर पृष्ठभागावर सोनेरी मासा, त्याच्या शेपटीत पाण्याची लय.)

माकी-ए. ‘माकी’ म्हणजे भुरभुरणं आणि ‘ए’ म्हणजे चित्र. हे शब्दशः खरं आहे, कारण इथे चित्र सोन्याने रंगवत नाहीत. ते उरुशीने काढतात आणि ओलं असतानाच त्यावर सोन्याची पूड भुरभुरवतात. आपल्या अंगणातली रांगोळी चिमटीतून सुटते, इथली पूड सुटते टोकाला रेशमी जाळी बांधलेल्या नळीतून. नळीवर बोटाने हलकेच टिचकी मारायची. केसासारख्या रेषांसाठीचे कुंचले परंपरेने उंदराच्या केसांचे असतात.

आता या कामातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. पुढचे दोन क्षण मी बोलणार नाही, फक्त बघा.

(दृश्य : लाकडी कपाट. आतल्या फळ्या ओल्या फडक्याने पुसणारा हात. कपाटाचं दार बंद होतं. शांतता.)

या कपाटाला ‘फुरो’ म्हणतात. जपानीत न्हाणीलाही हाच शब्द आहे. आपल्याला ठाऊक असलेला रंग कोरड्या हवेत वाळतो. उरुशी मात्र ओलाव्यात वाळते. तिच्यातलं एक विकर (एन्झाइम) हवेतला ऑक्सिजन घेऊन द्रव्याची वीण घट्ट करत नेतं आणि त्याला दमट, उबदार हवाच लागते. आर्द्रता 70 ते 80 टक्के, तापमान 20 ते 30 अंश. झड लागलेली असताना कोकणातल्या घरात जी हवा असते, अगदी तीच. दोरीवरचे कपडे ज्या हवेत आठ-आठ दिवस ओले राहतात, त्या हवेत हे पेन वाळतं.

आणि हे एकदा करून भागत नाही. थर द्यायचा, फुरोत ठेवायचा, कोळशाने पाण्यात घासायचा, पुन्हा थर. चित्र उठावाचं असेल तर आधी कोळशाच्या पुडीने उंचवटा बांधायचा, मग त्यावर सोनं. दुसऱ्या एका प्रकारात सोन्यावरच काळी उरुशी चढवतात, चित्र पूर्ण झाकून टाकतात आणि घासत घासत पुन्हा वर काढतात. एक घासा जास्त झाला की सोनं गेलं. शेवटचा तजेला येतो तो हरणाच्या शिंगाच्या पुडीने आणि उघड्या बोटाने. अशा एका पेनाला कित्येक महिने लागतात, आणि त्यातला बराचसा काळ पेन नुसतं कपाटात, अंधारात पडून असतं.

(दृश्य : जुन्या कृष्णधवल छायाचित्रावरून हलकेच सरकणारा कॅमेरा.)

या पेनांना त्यांची उंची दिली गोन्‌रोकु मात्सुदा यांनी. जन्म 1896, कानाझावाचा. सात वर्षांचे असताना ते या कामाला लागले. नामिकींनी त्यांना जोडून घेतलं, आणि 1931 मध्ये पेनांवर माकी-ए करणाऱ्या कारागिरांचा ‘कोक्कोकाई’ हा गट त्यांच्या पुढाकाराने उभा राहिला. त्याच्या आदल्या वर्षी लंडनच्या डनहिल कंपनीशी करार झाला होता. डनहिल-नामिकी अशी दोन्ही नावं असलेली ती पेनं युरोपात पोचली आणि आजही संग्राहकांचे हात ती धरताना थरथरतात. 1955 मध्ये जपानने मात्सुदांना ‘जिवंत राष्ट्रीय ठेवा’ हा सन्मान दिला. ‘नामिकी’ नावाने निघणाऱ्या माकी-ए पेनावर आजही चित्र काढणाऱ्याची सही असते. भिंगाखाली ती शोधायची आणि मनातल्या मनात नमस्कार करायचा, हा माझा नेम आहे.

(दृश्य : निब, अगदी जवळून.)

निबेबद्दल थोडंसं. जपानी लिपीत एकेका अक्षरात वीस-वीस फटकारे येतात, म्हणून तिथली बारीक निब युरोपातल्या बारीक निबेपेक्षाही बारीक असते. आपल्या ‘क्ष’च्या आणि ‘ज्ञ’च्या गाठीही तिच्याने भरून जात नाहीत, मोकळ्या राहतात. कुरे बंदरात 1911 साली सुरू झालेल्या सेलर कंपनीत निबा घडवणारे नोबुयोशी नागाहारा होते. ‘नागिनाता’ म्हणजे लांब दांड्याचं वळणदार पातं. त्या आकारावरून ओळखली जाणारी निब घासण्याची जुनी पद्धत त्यांनी पुन्हा चालू केली. पेन उभं धरलं की रेघ बारीक, आडवं केलं की जाड. एकाच निबेत कुंचल्याचा चढउतार! नागाहारा 2015 मध्ये गेले. दुकानात टेबल मांडून, समोर बसलेल्या अनोळखी माणसाची निब त्याच्या हाताप्रमाणे घासून द्यायची, ही जपानी कंपन्यांची रीत अजून आहे.

नाकाया नावाचा छोटा कारखाना तर पेन करण्याआधीच विचारतो : तुम्ही पेन कसं धरता? किती जोर देता? भरभर लिहिता की सावकाश? प्लॅटिनम या पेनांच्या कंपनीतल्या निवृत्त कारागिरांना घेऊन तो सुरू झाला. दुचाकीच्या किमतीचं पेन घेताना हे प्रश्न समोर आले आणि मी पहिल्यांदाच स्वतःच्या हाताकडे नीट पाहिलं.

घेणाऱ्यांसाठी एक सांगते. स्वस्तात ‘माकी-ए’ म्हणून मिळणाऱ्या बऱ्याच पेनांवरचं चित्र छापलेलं असतं. त्यातही काही वाईट नाही, फक्त जे आहे ते ओळखून घ्यावं. भिंग लावा. हाताने भुरभुरवलेल्या सोन्याच्या कडेला कण विरळ होत जातात, छापलेल्या चित्राची कड एकसारखी कापलेली दिसते. आणि पेन घरी आणल्यावर त्याला थेट उन्हात ठेवू नका. पाणी सोसणारी उरुशी उन्हापुढे मात्र हरते, तिचा तजेला जातो. मगाशी खिडकीशी ठेवलेलं पेन आम्ही चित्रण होताच आत घेतलं.

(दृश्य : वाजिमा. समुद्र. मोकळा झालेला चौकोनी भूखंड, कडेला वाढलेलं गवत.)

इशिकावा प्रांतातलं वाजिमा हे उरुशीकामाचं गाव. लाकडी भांड्यांवरची इथली कला शतकानुशतकांची, आणि अनेक पेनांवरचे थरही इथल्याच हातांनी चढलेले. 2024 च्या 1 जानेवारीला, नववर्षाच्या दिवशी दुपारी चार वाजून दहा मिनिटांनी इथे 7.6 तीव्रतेचा भूकंप झाला. सकाळच्या बाजाराचा रस्ता आगीत जळून गेला. कारागिरांची घरं आणि कामाच्या जागा एकाच छपराखाली होत्या, त्यामुळे अनेकांचं दोन्ही एकदम गेलं. कुंचले गेले, वर्षानुवर्षं मुरवत ठेवलेलं लाकूड गेलं. सावरता सावरता सप्टेंबरात अतिवृष्टीने पूर आला. त्यानंतरही या गावात फुरोची दारं उघडतात आणि बंद होतात. वाजिमाचं काम विकत घेणं हा मला आज संग्रहाचा सगळ्यात चांगला उपयोग वाटतो.

(दृश्य : पुन्हा टेबल. शाईची बाटली, काचेचा ड्रॉपर. कासव रंगवलेलं एक मोठं पेन आणि शेजारी ते तामेनुरी.)

शाईपेनाला जपानीत ‘मान्नेनहित्सु’ म्हणतात. दहा हजार वर्षांचा कुंचला. तिथल्या म्हणीत कासवाचं आयुष्यही तेवढंच असतं, त्यामुळे पेनांवर कासवं पुष्कळ.

हे कासवाचं पेन शाळेतल्यासारखं ड्रॉपरनेच भरायचं. मागची घुंडी घट्ट असेपर्यंत शाई निबेकडे येत नाही, म्हणून खिशात गळत नाही. लिहायला बसलं की घुंडी दोन आटे सैल करायची.

अशी पेनं मखमलीच्या पेटीत बंद ठेवणारे लोक मला माहीत आहेत. त्यांचं प्रेम खोटं नाही. तरी मला वाटतं, ज्या वस्तूने इतके महिने अंधारात काढले तिला आता हात हवा, कागद हवा.

(दृश्य : हात तामेनुरी उचलतो. वहीत मराठी ओळी उमटतात. मग टोपण फिरवून लागतं.)

टोपण लावताना अंगठा रोज एकाच जागी टेकतो. लाल रेघ तिथे सगळ्यात रुंद झाली आहे.