१८ मिलिमीटर

(दृश्य : वाशीचं कांदा-बटाटा मार्केट, पहाट. ट्रकमधून उतरणाऱ्या गोणी.)

माझ्या मामांनी या मार्केटमध्ये तीस वर्षं पाठीवर गोणी वाहिल्या. मूळचे साताऱ्याकडचे, राहायला कोपरखैरण्याच्या माथाडी वसाहतीत. दारूला कधी शिवले नाहीत. एकदा रक्तदान शिबिरात रक्त दिलं आणि काही दिवसांनी ब्लड बँकेतून निरोप आला, येऊन भेटा. रक्तात हेपॅटायटिस बी निघाला होता. आपल्याकडे पांढरी कावीळ म्हणतात ती. डोळे पिवळे नाहीत, ताप नाही, भूक व्यवस्थित.

हा विषाणू यकृतात वर्षानुवर्षं मुक्काम करतो. यकृताचा कॅन्सर होणाऱ्या बहुतेकांना आधी सिरोसिस झालेला असतो, म्हणजे यकृत निबर होऊन आकसलेलं असतं. पण हेपॅटायटिस बी असेल तर सिरोसिसच्या आधीही कॅन्सर होऊ शकतो. म्हणून दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करायची. मामांनी ती एकदाही चुकवली नाही. चौथ्या वेळी यकृताच्या उजव्या भागात गाठ दिसली.

(दृश्य : खिडकीच्या उजेडात धरलेली सीटी स्कॅनची फिल्म.)

सीटी काढला. रिपोर्टात लिहिलं होतं, लहानशी गाठ, संशयास्पद, लक्षणांशी ताळा घालून पाहावा. तीच फिल्म दुसरीकडे दाखवली. तिथून उत्तर आलं, कॅन्सरची शक्यता नाकारता येत नाही. दोन्ही रिपोर्ट लिहिणारे जाणते डॉक्टर. पण लहान म्हणजे वाटाण्याएवढी की लिंबाएवढी, आणि संशय कितपत, हे कुठेच नव्हतं. मामी रोज रात्री एकच विचारायच्या, "अरे, ते हो म्हणतायत का नाही म्हणतायत?"

यात पाच आठवडे गेले. ते पाच आठवडे मला अजून डाचतात.

शेवटी यकृताच्या डॉक्टरांनी फिल्म हातात घेतली, उलटसुलट पाहिली आणि विचारलं, "आर्टेरियल फेज कुठाय?" ती काढलेलीच नव्हती.

(दृश्य : सीटीची खोली. पेशंटच्या हाताला लावलेली सुई. टेक्निशियनचा आवाज : श्वास घ्या, रोखून धरा.)

या प्रश्नात या आजाराचं सगळं निदान आहे, म्हणून इथे जरा थांबू. यकृताला रक्त दोन वाटांनी येतं. साधारण तीन चतुर्थांश पोर्टल व्हेन या शिरेतून, आतड्यांकडून. उरलेलं हेपॅटिक आर्टरी या धमनीतून. यकृताचा कॅन्सर मात्र जवळजवळ सगळं रक्त आर्टरीतूनच ओढतो. हाताच्या शिरेत कॉन्ट्रास्ट नावाचं, स्कॅनमध्ये उजळ दिसणारं औषध सोडलं, अंगात गरम लाट गेली, की सुमारे ३५ सेकंदांनी आर्टरीतलं औषध यकृतात भरतं. ही घडी म्हणजे आर्टेरियल फेज. त्या घडीला कॅन्सरची गाठ आजूबाजूपेक्षा उजळ दिसते. ७० सेकंदांच्या सुमारास पोर्टल व्हेनचं रक्त पोहोचतं, सगळं यकृत उजळतं, आणि गाठीतलं औषध ओसरू लागल्यामुळे ती काळी पडत जाते. तीन ते पाच मिनिटांनी आणखी एकदा पाहायचं. कधी कधी तेव्हा गाठीभोवती पातळ कडं दिसतं.

आधी उजळणं, मग विझणं. फक्त ७० सेकंदांचा फोटो काढला, तर ही अर्धी गोष्ट हातातून जाते. मामांच्या बाबतीत तेच झालं होतं.

(दृश्य : रेडिओलॉजिस्टच्या खोलीतला अंधार, दोन मोठे मॉनिटर.)

स्कॅन कसा काढायचा, काय मोजायचं आणि कोणत्या शब्दांत लिहायचं, हे ठरवून देणारी पद्धत आहे. तिचं नाव लाय-रॅड्स. अमेरिकन कॉलेज ऑफ रेडिओलॉजीने ती २०११ मध्ये आणली, पुढे सुधारत नेली. गाठीला एक पायरी द्यायची. एलआर-१ म्हणजे नक्की साधी. एलआर-३ म्हणजे अजून सांगता येत नाही, तीन ते सहा महिन्यांत पुन्हा पाहा. एलआर-५ म्हणजे यकृताचाच कॅन्सर, आणि ही खात्री इतकी पक्की असते की बहुतेकदा सुई घालून तुकडा काढावा लागत नाही. कॅन्सर वाटतो पण यकृताच्या नेहमीच्या कॅन्सरसारखा दिसत नाही, त्याला एलआर-एम. तिथे बहुधा तुकडा काढावाच लागतो.

मला यातला एक नियम फार आवडतो. दोन पायऱ्यांमध्ये मन अडलं, तर कमी खात्रीची पायरी निवडायची. डॉक्टरच्या मनातली शंका अशी उघड लिहायला कागदावर जागा मिळते.

आणि ही पद्धत सरसकट वापरायची नाही. सिरोसिस, जुना हेपॅटायटिस बी, किंवा यकृताचा कॅन्सर आधी झालेला अशा प्रौढांसाठीच ती आहे. यकृत धडधाकट असलेल्या माणसात तशीच उजळणारी गाठ वेगळ्याच कशाची असू शकते. म्हणून सीटीच्या कागदावर पेशंटचा आजार लिहिलेला असणं गरजेचं आहे, आणि आपल्याकडे नेमकी तीच जागा कोरी राहते.

(दृश्य : ठाणे स्टेशन, ट्रान्स-हार्बरची गाडी. मांडीवर फाइल घेतलेला प्रवासी.)

ठाण्यात स्कॅन, नेरूळला डॉक्टर, खारघरला किंवा परळला पुढचे उपचार. आपल्याकडचा पेशंट असा फिरतो. फाइल जिथे उघडेल तिथे एलआर-५ चा अर्थ तोच निघतो. संशयास्पदचा निघत नाही.

मामांचा सीटी पुन्हा काढला, या वेळी सगळ्या फेजसह. रिपोर्टात होतं : सेगमेंट ६ (यकृताच्या उजव्या बाजूचा एक भाग), १८ मिलिमीटर, आर्टेरियल फेजमध्ये उजळ, नंतर वॉशआउट (म्हणजे विझणं), शिरेत शिरकाव नाही. एलआर-५. मामींना त्या रात्री उत्तर मिळालं. त्या रडल्या, आणि सकाळी मामांसोबत डॉक्टरांकडे गेल्या. गाठ दोन सेंटिमीटरच्या आत आणि एकच, त्यामुळे पोट न उघडता बारीक सुईने ती जाळता आली.

(दृश्य : कोपरखैरणे, घर. मामा चष्मा लावून रिपोर्ट वाचतायत.)

उपचारानंतरच्या रिपोर्टलाही ठरलेले शब्द आहेत. मामांचा पहिला फेरतपासणीचा रिपोर्ट आला, तेव्हा गाठीच्या जागी जिवंत भाग दिसत नाही असं लिहून आलं. मामांनी बोट ठेवून ओळ दोनदा वाचली आणि मला विचारलं, "आर्टेरियल फेज काढलीय ना?"

काढली होती. त्यांनी कागद फाइलमध्ये लावला आणि भिंतीवरच्या कॅलेंडरवर तीन महिन्यांनंतरच्या तारखेला गोल केला.