गाठ मारायची वेळ

नमस्कार श्रोतेहो.

पोदेराचा, म्हणजे आपल्या गोव्यातल्या पाववाल्याचा, भोंपू वाजला की आपण पिशवी घेऊन दारात जातो. पोई गरम आहे का ते चाचपून बघतो. ती फुगवणाऱ्याची चौकशी मात्र कुणी करत नाही. तो म्हणजे यीस्ट. पूर्वी आपल्याकडे पाव फुगवायला माडाची सूर, म्हणजे माडी, घालत. तांदळाच्या वाफवलेल्या सान्नांसाठी अजूनही घालतात, म्हणजे ज्यांना मिळते ते.

कॉलेजात शिकवत होतो तेव्हा एकदा शेजारच्या रेंदेराकडून, म्हणजे सूर काढणाऱ्याकडून, पेलाभर सूर मागून वर्गात नेली होती. मुलांत खसखस पिकली, ती पिकणारच. एक थेंब काचेवर ठेवला, सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. लंबगोल पेशी दिसल्या, काहींच्या कुशीला बारीकसा कोंभ. यीस्ट असंच वाढतं, आईच्या अंगावर लेक उगवते. एक मुलगी बराच वेळ डोळा लावून होती. तिनं विचारलं, "सर, या लेकीला तिचा वाटा बरोबर मिळाला की नाही, हे कोण बघतं?" मी तेव्हा दिलेलं उत्तर अर्धवट होतं. आज ते पुरं करतो.

वाटा म्हणजे गुणसूत्रं, डीएनएचे गुंडाळलेले धागे. या यीस्टमध्ये ती 16 असतात. सगळा डीएनए सरळ ताणला तर जेमतेम 4 मिलिमीटर भरेल, पण तो मावतो ज्या केंद्रकात, त्याची रुंदी मिलिमीटरच्या साधारण पाचशेव्या हिश्शाएवढी. पेशी दुभंगण्याआधी प्रत्येक गुणसूत्राची नक्कल होते. म्हणजे त्याच एवढ्याशा जागेत आता 32 धागे, जोडीजोडीनं हुबेहूब. या जोडीला भगिनी क्रोमॅटिड म्हणतात. एक बहीण आईकडे राहायला हवी, दुसरी लेकीकडे जायला हवी. दोघी एकाच बाजूला गेल्या तर दुसरं घर त्या गुणसूत्राविना राहिलं.

आता त्या गुंत्यात कोण कुणाची बहीण, हे पेशी ओळखते कशी? ओळखतच नाही. तिची युक्ती साधी आहे. बहिणी जन्मतात त्याच क्षणी त्यांना एकत्र बांधून टाकायचं. मग ओळखण्याचा प्रश्नच येत नाही.

बांधणाऱ्या प्रथिनाचं नाव कोहेसिन. 1997 साली व्हिएन्नात किम नॅस्मिथ आणि अमेरिकेत डग्लस कॉशलँड यांच्या गटांनी यीस्टमध्ये ते दाखवून दिलं. त्याचा आकार कड्यासारखा. एसएमसी1 आणि एसएमसी3 या दोन लांब दांड्या, आणि खालून त्यांना जोडणारं एससीसी1. दोन्ही बहिणी या कड्याच्या पोटात अडकतात, असं आज बहुतेकजण मानतात.

पुढच्याच वर्षी, 1998 मध्ये, फ्रँक ऊलमन आणि नॅस्मिथ यांनी जो प्रयोग केला तो मला फार आवडतो. त्यांनी यीस्टमध्ये एससीसी1 बनवण्याची कळ गॅलॅक्टोजला जोडली. गॅलॅक्टोज म्हणजे दुधातल्या साखरेचा एक घटक. तो दिला की प्रथिन तयार होणार, नाही दिला तर नाही. नकलेच्या आधी दिला तेव्हा बहिणी नीट बांधल्या गेल्या. नक्कल पुरी झाल्यावर दिला तेव्हाही प्रथिन तयार झालं, गुणसूत्रांवर जाऊन बसलंसुद्धा. पण बहिणी सुट्या त्या सुट्याच. दोर हातात होता, वेळ गेली होती.

म्हार्दोळला देवळाजवळ जायांच्या फांत्या, म्हणजे जाईचे गजरे, विणताना तुम्ही पाहिलं असेल. बाई केळीच्या दोरावर फुलं ठेवते न ठेवते तोच वेढा देते. सगळी फुलं आधी मांडून ठेवली आणि दोर मागाहून आणला, असं ती कधी करत नाही. पेशीचंही तसंच. फक्त त्या बाईला डोळे आहेत.

पेशीतला वेढा घट्ट करणारा आहे इको1 नावाचा एन्झाइम. नक्कल चालू असताना डीएनएवरून पीसीएनए नावाचं दुसरं एक कडं सरकत असतं. इको1 त्याला धरून असतो, म्हणून तो नेमका हवा तिथं, हव्या वेळी हजर. तो एसएमसी3 च्या 112 आणि 113 क्रमांकांच्या दोन लायसिनांवर, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतल्या दोन मण्यांवर, अॅसिटिल या रासायनिक गटाचा छोटासा ठसा मारतो. हे 2008 साली उघड झालं. ठसा नसेल तर डब्ल्यूपीएल1 हे प्रथिन कडं उघडून मोकळं करतं. गंमत अशी की इको1 नसलेलं यीस्ट एरवी मरतं, पण डब्ल्यूपीएल1 ही काढून टाकलं तर जगतं. कुलूप नाही, पण चोरही नाही.

नक्कल करणारी एवढी अवजड यंत्रणा कड्यातून पार होते की कडं तिच्यामागून नव्यानं बसतं, यावर खूप वाद झाले. 2020 मध्ये यीस्टवरच्या कामातून दिसलं की दोन्ही वाटा वापरात आहेत. मला स्वतःला पहिली वाट खरी वाटत होती, ती निम्मी बरोबर निघाली. आणि नियमाला अपवादही आहे. डीएनए तुटला तर नक्कल संपल्यावरही पेशी नव्या गाठी मारू शकते, हे 2007 मध्ये कळलं. नाहीतर मात्र नाही.

आपल्या पेशींतही हीच कडी आहेत. बाईच्या बीजपेशींत ही बांधणी होते ती स्वतः आईच्या पोटात असतानाच, आणि त्या बांधणीला पुढं कित्येक वर्षं टिकावं लागतं. उशिराच्या गरोदरपणात गुणसूत्रांची वाटणी चुकण्यामागे या गाठी सैल पडणं हे एक मोठं कारण मानलं जातं.

यीस्टला एवढी वाट पाहावी लागत नाही. सगळ्या जोड्या दोन्ही बाजूंनी ताणल्या गेल्या की सेपरेज नावाची कात्री एससीसी1 कापते आणि बहिणी दोन घरी जातात. कापलेला तुकडा पुन्हा वापरात येत नाही. पुढच्या खेपेला एससीसी1 नव्यानं बनवावं लागतं, तेही नक्कल सुरू व्हायच्या आत. चांगलं खायला-प्यायला असेल तर ही सगळी फेरी दीड तासात होते. त्या सुरेच्या थेंबात आम्ही जे कोंभ बघितले, त्यातले निम्मे तरी तास संपायच्या आत आईपासून सुटले असतील. पण घंटा झाली होती आणि पुढच्या वर्गाची मुलं दारात उभी होती.