समुद्रतळाचा सातबारा

पडद्यावर दिसतोय तो काळा, खरबरीत गोटा मुठीत मावतो. मधोमध कापला की आत एकावर एक चढलेली पुटं दिसतात आणि गाभ्यात कधी शार्कचा दात, कधी शिंपल्याचा तुकडा. दहा लाख वर्षांत तो जेमतेम काही मिलिमीटर वाढतो. त्यात मँगनीज आहे, निकेल, तांबं आणि कोबाल्टही आहे. हवाई बेटं आणि मेक्सिको यांच्या मधल्या प्रशांत महासागरात, चार ते साडेपाच किलोमीटर खोल, असे असंख्य गोटे नुसते पसरून पडलेत. कुठल्याच देशाची हद्द तिथवर पोचत नाही.

मग त्या तळाचा सातबारा कोणाच्या नावावर?

याच प्रश्नावरून अमेरिकेतले कॉन्झर्व्हेटिव्ह, म्हणजे उजव्या विचारांचे लोक, गेली चाळीसहून अधिक वर्षं एका कराराला अडवून बसलेत. १९६७ साली माल्टाचे राजदूत अर्विद पार्दो यांनी संयुक्त राष्ट्रांत मागणी केली की हा तळ साऱ्या मानवजातीचा सामायिक वारसा ठरवावा. नव्यानं स्वतंत्र झालेल्या देशांनी ती उचलून धरली. १९७३ ते १९८२ अशी वाटाघाटींची गुऱ्हाळं चालली आणि त्यातून सागरी कायद्याचा करार निघाला.

अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष रोनाल्ड रेगन यांना त्यातला खाणींचा भाग अजिबात पटला नाही. खाणकाम करणाऱ्या कंपनीनं आपलं तंत्रज्ञान आंतरराष्ट्रीय प्राधिकरणाच्या (म्हणजे या तळाचा कारभार पाहायला करारानंच नेमलेल्या संस्थेच्या) कंपनीला द्यायचं, उत्पादनावर मर्यादा पाळायची, आणि एवढं करून मतदानात अमेरिकेचं चालेलच याची खात्री नाही. ३० एप्रिल १९८२ ला १३० मतं कराराच्या बाजूनं पडली, विरोधात चार. अमेरिकेच्या जोडीला इस्रायल, तुर्कस्तान आणि व्हेनेझुएला. मित्रदेशांनी सही करू नये म्हणून रेगन यांनी डोनाल्ड रम्सफेल्ड यांना दूत म्हणून पाठवलं. पुढच्याच मार्चमध्ये मात्र करारातले जहाजवाहतुकीचे नियम अमेरिका पाळेल असं जाहीर केलं आणि स्वतःचं २०० सागरी मैलांचं आर्थिक क्षेत्रही (जिथल्या मासळीवर, तेलावर त्या देशाचाच हक्क) आखून घेतलं. सोयीचं तेवढं घेतलं म्हणा, पण घेतलं ते उघडपणे.

१९९४ मध्ये खाणींची ती कलमं बदलण्यात आली. सक्तीचं तंत्रज्ञान हस्तांतर गेलं, अमेरिकेला प्राधिकरणाच्या परिषदेत कायमची जागा देऊ केली गेली. भांडण मिटायला हवं होतं. पण सिनेटच्या परराष्ट्र समितीचे अध्यक्ष झाले कराराचे कट्टर विरोधक जेसी हेल्म्स, आणि करार बासनातच राहिला. पुढं धाकटे बुश कराराच्या बाजूनं उभे राहिले, नौदल होतं, तेल कंपन्याही होत्या. समितीनं २००४ आणि २००७ मध्ये तो मंजूर केला, पण पूर्ण सिनेटपुढे मतदान झालंच नाही. २०१२ मध्ये जॉन केरी यांनी पुन्हा सुनावण्या घेतल्या. विरोधात साक्ष द्यायला कोण आलं? रम्सफेल्ड. तीस वर्षांनी, तेच मत घेऊन. मंजुरीला शंभरपैकी ६७ मतं लागतात; ३४ रिपब्लिकन सिनेटरांनी नकार कळवला आणि विषय संपला.

एवढी दुरुस्ती होऊनही विरोध का टिकला, हे समजायचं तर कलम ८२ वाचावं लागतं. २०० मैलांपलीकडच्या आपल्याच खंडमंचावरून (किनाऱ्यापासून समुद्राखाली पसरलेल्या जमिनीवरून) तेल काढलं तर सहाव्या वर्षी उत्पादनाच्या एक टक्का, आणि वाढत वाढत बाराव्या वर्षापासून सात टक्के, प्राधिकरणाकडे जमा करायचे. ते पैसे जमैकातल्या किंग्स्टनहून, म्हणजे प्राधिकरणाच्या मुख्यालयातून, इतर देशांत वाटले जाणार. कॉन्झर्व्हेटिव्हांचं म्हणणं असं की अमेरिकी माणसाचा पैसा कुठं जाईल हे त्यानं निवडून दिलेल्यांनीच ठरवावं. किंग्स्टनमधल्या कोणाला त्यानं मत दिलंय? दुसरी भीती, पर्यावरणाचे जे नियम काँग्रेसमध्ये मंजूर होत नाहीत ते कराराच्या मागच्या दारानं येतील. यातला पहिला मुद्दा मला हसण्यावारी नेण्यासारखा वाटत नाही.

समुद्रावरचं स्वातंत्र्य नौदल राखतं, त्याला कागद लागत नाही, असंही ते म्हणतात. इथं मात्र गाडी अडते. ७ एप्रिल २०२१ ला अमेरिकेची विनाशिका ‘जॉन पॉल जोन्स’ लक्षद्वीपच्या पश्चिमेला १३० सागरी मैलांवर, भारताच्या आर्थिक क्षेत्रात, न विचारता शिरली. अमेरिकी नौदलाच्या सातव्या ताफ्यानं निवेदन काढून सांगितलं की पूर्वसंमतीची भारताची मागणी आंतरराष्ट्रीय कायद्याला धरून नाही. भारतानं करार १९९५ मध्येच मंजूर केलाय, अमेरिकेनं अजून नाही. (आपली मागणीही अनेक देशांना मान्य नाही, ती गोष्ट वेगळी.)

२४ एप्रिल २०२५ ला डोनाल्ड ट्रम्प यांनी आदेश काढला: १९८० च्या अमेरिकी कायद्याखाली आंतरराष्ट्रीय समुद्रातल्या खाणींचे परवाने झटपट द्या. काही दिवसांतच हे गोटे काढायला निघालेल्या ‘द मेटल्स कंपनी’च्या अमेरिकी उपकंपनीनं अर्ज टाकला. किंग्स्टनची खाण-नियमावली तेव्हाही अर्धवटच होती, आणि कंपनीची तक्रार नेमकी हीच होती.

दिल्लीला यात अलिप्त राहता येणार नाही. १९८१ च्या प्रजासत्ताक दिनी गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेच्या ‘गवेषणी’ जहाजानं भारतासाठी पहिले गोटे वर काढले. आज मध्य हिंदी महासागरात भारताकडे ७५,००० चौरस किलोमीटरचा टापू आहे, तो किंग्स्टनशी केलेल्या कंत्राटावर. वॉशिंग्टनचा परवाना चालला, तर त्या कंत्राटाचं वजन तेवढंच कमी होतं.

आणि तो परवाना चालेल का? प्राधिकरणाला वगळून तळावर सांगितलेला हक्क सदस्य देशांनी मानायचा नाही, असं कलम १३७ सांगतं. कंपनी आपले गोटे जपानमध्ये शुद्ध करून घेणार आहे, आणि जपान या करारात आहे.