हादरलेल्या मनाचं समत्व

(पुण्यात सदाशिव पेठेतल्या एका अभ्यासिकेत विद्यार्थी आणि पालकांसमोर झालेलं व्याख्यान, थोडं संपादित करून.)

स्पर्धा परीक्षेचा निकाल लागून थोडेच दिवस झालेत. काही शे जागा आणि लाखांत अर्ज, हे गणित तुम्हाला माझ्यापेक्षा चांगलं ठाऊक आहे. कॉट बेसिसवर राहून, मेसचं जेवण जेवून तीन-तीन चार-चार वर्षं काढलेली मुलं समोर बसलीत. एका मार्काने कटऑफ हुकलेलेही असतील. तुम्हाला ‘शांत राहा’ असं सांगायला मी आलेली नाही. ते सगळेच सांगतात आणि त्याने त्रास वाढतो. आधी अपयशाचं दुःख, वर शांत राहता येत नाही याची लाज.

ज्याला काही लागत नाही तो स्थिरबुद्धी, असं आपण धरून चालतो. मला हे मुळातच पटत नाही.

इथून चालत गेलात तर नारायण पेठेत केसरीवाडा लागतो. 1908 साली राजद्रोहाच्या खटल्यात लोकमान्य टिळकांना सहा वर्षांची शिक्षा झाली आणि त्यांना मंडालेला नेलं. पन्नाशी उलटलेली, त्यात मधुमेह. तिथे 1910-11च्या हिवाळ्यात त्यांनी ‘गीतारहस्य’ पेन्सिलीने लिहून काढलं. लाभ-हानी, जय-पराजय यांत बुद्धी सम ठेवून कर्म करत राहावं, हा त्या ग्रंथाचा गाभा. म्हणजे समत्वावर इतकं खोल चिंतन कागदावर उतरवून झालेलं होतं, आणि 1912च्या जूनमध्ये पुण्याहून तार आली. त्यांच्या पत्नी सत्यभामाबाई गेल्या.

टिळकांनी भाच्याला पत्र लिहिलं. संकटं शांतपणे सोसायची मला सवय आहे, पण या बातमीने मी बराच हादरलो, असं त्यात त्यांनी मोकळेपणाने म्हटलंय. शेवटच्या दिवसांत तिच्याजवळ नव्हतो, ही खंतही आहे. आणि त्याच पत्रात मुलांच्या शिक्षणाची काळजी आहे, ते मागे पडू नये म्हणून सूचना आहेत.

मला हे पत्र फार मोलाचं वाटतं. हादरणं आणि पुढचं काम ओळखणं, दोन्ही एकाच माणसात, एकाच कागदावर. समत्व म्हणतात ते हेच असावं. 1919मध्ये लंडनला ब्रिटिश पत्रकार चिरोलविरुद्धचा बदनामीचा खटला ते हरले, खर्चही प्रचंड झाला. तरी तिथेच राहून होमरूलचं काम केलं, संसदेच्या समितीपुढे साक्ष दिली.

आता तुमच्याकडे येते. निकालाच्या रात्री ‘परत द्यायची की सोडायची’ हे ठरवू नका. त्या रात्री मन हिशेब करत नसतं, स्वतःला शिक्षा देत असतं. पंधरा दिवसांनंतरची एक तारीख कॅलेंडरवर लिहा आणि निर्णय त्या दिवशी घ्या. तोवर रडू आलं तर रडा. छाती धडधडायला लागली, तर श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ द्या. सावकाश उच्छ्वासाने हृदयाचे ठोके मंदावतात. ही शरीराचीच रचना आहे, त्याला श्रद्धा लागत नाही. झोप मात्र मोडू नका. जागलेल्या डोळ्यांना सगळंच संपल्यासारखं दिसतं.

सगळ्यात अवघड असतो घरी करायचा फोन. बापाने शेत गहाण ठेवलेलं असतं, आई मंगळवार धरत असते. ‘नाही झालं’ हे दोन शब्द घशातून निघत नाहीत. म्हणून आज आलेल्या पालकांना माझी हात जोडून विनंती आहे. त्या फोनवर मार्क विचारू नका, शेजारच्याचा मुलगा लागला हे सांगू नका. ‘चार दिवस घरी ये’ एवढं म्हणा. मुलगी असेल तर त्याच फोनवर लग्नाचा विषय काढू नका. कित्येक मुली निकालापेक्षा त्या वाक्याला जास्त घाबरतात.

आणि जगणंच नको असं मनात येत असेल, तर माझं व्याख्यान पुरेसं नाही. आजच कुणाला तरी सांगा. रूममेटला, डॉक्टरांना, किंवा 14416 या टेली-मानस हेल्पलाइनवर. ती सरकारी आहे, मोफत आहे, रात्रीही चालते, आणि तिथे मराठीतून बोलता येतं.

मी इथेच थांबते. पुढचा वेळ तुमच्या प्रश्नांसाठी ठेवलाय. सगळ्यांसमोर विचारायचं नसेल तर चिठ्ठी लिहून द्या, नाव घालायची गरज नाही.